आक्कांचा डोळा कुठे झाला?

जिन्याच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीला आक्का "या ना, आत या, उभ्या का?" असं म्हणाल्या, त्या दिवशी डोळ्याचं आता बघायलाच हवं हे घरात सगळ्यांना पटलं. पटलं तेवढंच. कुठे बघायचं यावर घराचे दोन तुकडे पडले आणि डोळा होता तसाच राहिला.

नवा आरोग्य कायदा नुकताच आला होता, ते दिवस. आज त्या कायद्याचं नावही कुणाला धड आठवत नाही, पण तेव्हा त्याच्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांकडचं जाणंयेणं सोडलं होतं, आणि न्हाव्याच्या दुकानातून माणसं अर्ध्या दाढीनिशी उठून गेली होती. कायदा म्हटला तर सरळ होता. प्रत्येक वस्तीत एक सरकारी दवाखाना. आजारी पडलं की आधी तिथे जायचं, तिथल्या डॉक्टरांना वाटलं तर ते मोठ्या इस्पितळात धाडणार. दारात पैसे कुणी मागायचे नाहीत, ते करातून आधीच कापलेले.

आक्कांचे यजमान वजनमापे खात्यातले निरीक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना अजून निरीक्षकच म्हणायची. सगळा जन्म दुकानदारांचे तराजू उलटे करून बघण्यात गेलेला, त्यामुळे कुणी हात जोडून नमस्कार केला तरी त्यांची नजर आधी त्या हातांच्या खाली जायची. 'फुकट' हा शब्द कानावर पडला की ते म्हणत, "पारड्याखाली लोहचुंबक आहे. हात घाला, सापडेल."

आक्कांचे धाकटे भाऊ सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक जर सगळ्यांचं असू शकतं, तर डॉक्टर का नसावा? एक पुस्तक, शंभर वाचक.

"आणि शंभराव्याच्या हाती येतं तेव्हा शेवटची पानं फाटलेली असतात," निरीक्षक म्हणत.

"तुमच्या खाजगी डॉक्टरकडे पानं शाबूत असतात, भावोजी. फक्त दर पान उलटायला तिकीट लागतं."

दर रविवारी ग्रंथपाल बहिणीकडे जेवायला येत. हात धुऊन होतात न होतात तोच खिडकीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या लागायच्या आणि कायद्याची चिरफाड सुरू व्हायची. आक्कांचं त्याबद्दल काहीच म्हणणं नव्हतं. उलट दोन माणसं घरात बसून भांडतात, बाहेर जाऊन भांडत नाहीत, याचं त्यांना बरंच वाटे. पण डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तशी वादाची दिशा फिरली. निरीक्षकांना बायकोचा डोळा आपल्या ओळखीच्या खाजगी डॉक्टरकडे करायचा होता. ग्रंथपालांना बहिणीचा डोळा नव्या सरकारी दवाखान्यामार्फतच व्हायला हवा होता, नाहीतर वाचनालयात ते लोकांना काय तोंड दाखवणार? आक्कांचा डोळा हा आता डोळा राहिला नव्हता, तो मतदारसंघ झाला होता.

इकडे आक्कांचा जीव टांगणीला लागला होता. त्या रफू करत. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत आलेला कोट, शालीचा कोपरा, सिगारेटने जळलेली पँट, सगळं लाँड्रीवाली त्यांच्याकडे आणून द्यायची. हे काम असं, की चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही आणि वाईट झालं तर तेवढंच दिसतं. मागच्या महिन्यात त्यांनी एका गर्द निळ्या कोटावर काळ्या धाग्याने रफू केलं होतं. कोटवाल्याने तो कोट लाँड्रीच्या टेबलावर आपटला. लाँड्रीवाली आक्कांना काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "थोडे दिवस डोळ्याला विसावा द्या, आक्का." हा विसावा लांबला तर काम कायमचं दुसरीकडे जाणार, हे कळायला डोळे लागत नाहीत.

म्हणून आक्कांनी एक युक्ती केली. त्यांना स्वतःला सरकारी काय आणि खाजगी काय, दोन्ही सारखंच होतं. कापणारा हात न थरथरणारा असला म्हणजे झालं. तेव्हा दोघांपैकी कुणीतरी एक नमला की पुरे.

शनिवारी त्या यजमानांना म्हणाल्या, "उद्या एकदाच त्याला म्हणा, तुमचं बरोबर आहे. तो असा विरघळेल, की मग डोळा तुमच्या डॉक्टरकडे न्यायला हूं की चूं करणार नाही." निरीक्षकांना हे पटलं. दुकानदाराला पकडायचं तर आधी थोडा माल घ्यावा लागतो, हा त्यांच्या खात्याचा शिरस्ताच होता.

मग त्या देवळात जायचं सांगून बाहेर पडल्या आणि वाचनालयात गेल्या. भावाला म्हणाल्या, "उद्या एकदाच भावोजींना म्हण, तुमचं खरं आहे. ते फुशारले की म्हणतील, ने तुझ्या बहिणीला तुझ्या दवाखान्यात." ग्रंथपालांनी जरा आढेवेढे घेतले, मग तेही कबूल झाले. माझं नाव काढायचं नाही, अशी तंबी आक्कांनी दोघांनाही दिली. दोघंही कशाला शब्द पाळतील, एक तरी ऐनवेळी कच खाईल, असा त्यांचा हिशेब. आयुष्यभर ज्या माणसांनी आपलं ऐकलं नाही, ती दोघं एकाच दिवशी ऐकतील हे कुणाच्या ध्यानात येणार?

रविवारी जेवणं झाली. खुर्च्या लागल्या. निरीक्षकांनी घसा साफ केला, ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि दोघं एकाच वेळी म्हणाले, "विचार केला. तुमचंच बरोबर आहे."

खाली कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिच्या चाकाची टिकटिक वर ऐकू येऊ लागली.

"काय म्हणालात?" निरीक्षकांनी विचारलं.

"तुमचं बरोबर आहे म्हणालो. आणि तुम्ही?"

"मीही तेच."

"म्हणजे माझं बरोबर?"

"हो. म्हणजे... तसंच."

मग आक्काच्या डोळ्याचं काय, हा प्रश्न ग्रंथपालांनी काढला. निरीक्षक म्हणाले, तुमच्या दवाखान्यात न्या. ग्रंथपाल म्हणाले, छे, तुमच्याच डॉक्टरकडे होऊ द्या. दारात दोन सभ्य माणसं 'आधी आपण' म्हणत उभी राहिली की दोघंही बाहेरच राहतात. डोळ्याचं तसंच झालं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

पण खरा घोळ पुढेच होता. आपण का नमलो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसरा का नमला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाणी कुठेतरी मुरतंय, असं निरीक्षकांच्या मनाने घेतलं. भाव न करता दुकानदार किंमत उतरवतो, तो माल नासका असतो म्हणूनच. ग्रंथपालांनी त्या दिवशी चहाचा दुसरा कप नाकारला होता. जिना उतरताना कठड्याला धरलं होतं. या माणसाला काहीतरी झालंय. जाण्यापूर्वी सगळ्यांशी गोडीने मिटवून घेतोय.

तिकडे ग्रंथपालही घरी जाऊन अस्वस्थ होऊन बसले. मुदतीच्या आधी कुणी पुस्तक परत केलं की ते पहिल्यांदा आतली पानं तपासत. भावोजी आज आपल्याला पोचवायला जिन्यापर्यंत आले. इतक्या वर्षांत कधी खुर्चीतून उठले नव्हते. शिवाय सदरा गळ्याशी सैल दिसत होता. नक्की काहीतरी दुखणं आहे, आणि मोठं आहे.

दोघांनीही आक्कांना एकेकटं गाठलं. निरीक्षकांनी विचारलं, "तुझ्या भावाची तब्येत कशी आहे? खरं सांग." ग्रंथपालांनी विचारलं, "भावोजी काही लपवतायत का?" खरं सांगावं तर दुहेरी डाव उघडा पडतो, म्हणून आक्का दोन्ही वेळा अडखळल्या. त्यात त्या डाव्या डोळ्याला हल्ली सारखं पाणी यायचं. ते त्यांनी पदराने टिपलं. निरीक्षकांना वाटलं, ही भावासाठी रडते आहे. ग्रंथपालांना वाटलं, ही नवऱ्यासाठी रडते आहे. डोळा दुखतोय असं काही दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

सरळ विचारलं तर माणूस कबूल करत नाही, हे दोघांनाही आपापल्या नोकरीमुळे पक्कं माहीत होतं. निरीक्षकांनी ठरवलं, मेहुण्याला तपासून घ्यायचं तर तो ज्याच्यावर भरवसा ठेवतो तिथेच न्यायला हवा. त्यांनी वाचनालयात फोन केला. माझ्याच छातीत हल्ली धडधडतं, म्हणाले. तुमच्या त्या सरकारी दवाखान्यात यावं म्हणतो, पण मला तिथलं काही कळायचं नाही, सोबत चला. ग्रंथपालांच्या हातून फोन पडायचाच बाकी राहिला. भावोजी आपणहून सरकारी दवाखान्यात यायला निघाले, म्हणजे आता शेवटचंच काही.

दवाखान्यात निरीक्षक बारकाईने सगळं बघत होते. रांग त्यांना हवी होती तेवढी लांब निघाली नाही, याने त्यांचा थोडा हिरमोड झाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हसून बोलत होत्या. हेही त्यांना संशयास्पद वाटलं.

"कुणाला दाखवायचंय?" बाईंनी विचारलं.

"यांना," दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

बाईंनी दोघांनाही तपासलं, दोघांनाही काट्यावर उभं केलं, नाड्या बघितल्या. मग म्हणाल्या, तुमचं दोघांचं ठीक आहे, फक्त एकमेकांशी बोलताना रक्तदाब चढतो. बोलायचं कमी करा. यावर दोघांचाही विश्वास बसला नाही. डॉक्टर रोग्यासमोर कधी खरं सांगतात का?

मग ग्रंथपालांची पाळी. त्यांनी पोटात दुखत असल्याचं सोंग आणलं आणि भावोजींना घेऊन भावोजींच्याच खाजगी डॉक्टरकडे गेले. बसायच्या खोलीतली जुनी मासिकं त्यांनी वाट बघता बघता महिन्यांप्रमाणे लावून ठेवली. डॉक्टर खिसा बघणार आणि पोट बघणार नाही, अशी त्यांची खात्री होती. पण त्या माणसाने पोटाबद्दलची सगळी खोटी हकिगत मान हलवत शांतपणे ऐकून घेतली, त्याने ग्रंथपालांना वाईटच वाटलं. शेवटी दोघांची वजनं झाली.

निरीक्षकांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवसांपूर्वी सरकारी काट्यावर होतं, त्यापेक्षा वजन भलतंच घटलं होतं. त्यांनी ग्रंथपालांकडे बघितलं. ग्रंथपाल काट्यावरच उभे होते आणि तेही पांढरे पडले होते. त्यांचंही वजन उतरलं होतं, आणि तेवढंच उतरलं होतं.

ज्या माणसाने सगळ्या गावचे काटे पकडले, त्याला स्वतः काट्यावर चढल्यावर काट्याचा संशय आला नाही. रस्त्याने दोघं एकमेकांचा हात धरून गेले. लागट दुखणं आहे, ग्रंथपाल हळूच म्हणाले. रविवारच्या जेवणातून लागलं असेल, निरीक्षक म्हणाले. आक्काला काही सांगायचं नाही, हे दोघांनी ठरवलं. तिने आधीच रडून रडून डोळे खराब करून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मात्र निरीक्षक एकदम थांबले. साबण तसाच गालावर घेऊन ते खाटेखाली वाकले आणि नोकरीतली लोखंडी प्रमाण वजनं बाहेर ओढली. ग्रंथपालांना बोलावणं गेलं. दोन पिशव्यांत वजनं भरून दोघं निघाले ते सरळ सरकारी दवाखान्यात. तिथला शिपाई अडवू लागला, तर निरीक्षकांनी जुन्या सवयीने फक्त त्याच्याकडे बघितलं. तो बाजूला झाला. खाजगी दवाखान्यात तर कंपाउंडरला वाटलं धाडच पडली, त्याने आधी खिडकी लावून घेतली. तपासणीला सगळा दिवस गेला, कारण निरीक्षक एकदा करून समाधान मानणाऱ्यातले नव्हते. निकाल असा लागला, की सरकारी काटा जास्त दाखवतो आणि खाजगी काटा कमी. खरा एकही नाही.

"सरकार माणसाला वजन देतं, भावोजी," ग्रंथपाल म्हणाले, "आणि खाजगीत गेलेला माणूस हलका होऊन बाहेर येतो."

निरीक्षक हसले. मेहुण्याच्या विनोदाला हसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पिशव्या रस्त्याच्या कडेला ठेवून दोघं दम खात उभे राहिले. मरण टळलं होतं, त्यामुळे बोलणं मोकळं झालं.

"पण मग त्या रविवारी माझं बरोबर आहे असं का म्हणालात?" ग्रंथपालांनी विचारलं.

निरीक्षकांनी जरा इकडेतिकडे बघितलं. "तुमच्या बहिणीने सांगितलं म्हणून."

"मलाही आक्कानेच सांगितलं."

दोघांनी वजनांच्या पिशव्या उचलल्या आणि जाब विचारायला घर गाठलं.

आक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. डाव्या डोळ्यावर पांढरीशुभ्र पट्टी. शेजारी लाँड्रीवाली त्यांना पाणी देत होती.

"हे काय?" निरीक्षकांनी विचारलं.

"डोळा करून आले," आक्का म्हणाल्या. "तुम्ही दोघं तब्येतींच्या मागे होता. म्हटलं, उगाच कशाला तुमचा वेळ घ्या."

कसं झालं, दुखलं का, एकटी कशी गेलीस, हे दोघांनीही विचारलं. नाही म्हणायला ग्रंथपालांचे डोळे भरूनही आले. पण ते सगळं होईपर्यंत खरा प्रश्न दोघांच्याही जिभेच्या टोकावर येऊन बसला होता.

"कुठे केलास?" ग्रंथपाल म्हणाले.

"झाला ना? मग झालं."

"तसं नव्हे, आमच्यात की यांच्यात?"

"डोळा माझा आहे," आक्का म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

त्या झोपल्या, पण घरातली झोप उडाली. निरीक्षकांनी औषधाची बाटली उजेडात धरली, तर तिच्यावरचा कागद खरवडून काढलेला. पट्टीचं कापड त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं. ग्रंथपालांनी वास घेऊन बघितला. मग दोघं लाँड्रीत गेले. लाँड्रीवाली इस्त्री करत होती. मान वर न करता ती म्हणाली, मी बाहेर बसले होते.

"बाकं कसली होती?" निरीक्षकांनी विचारलं. "लाकडी की गादीची?"

"बसायची होती."

"रांग होती का?" ग्रंथपालांनी विचारलं.

"माणसं होती."

"कशी? एकामागे एक?"

"एकाशेजारी एक," ती म्हणाली. "आणि आता जरा सरका, तुमची सावली कोटावर पडते आहे."

बाईने ताकास तूर लागू दिली नाही. तिचा स्वार्थही उघड होता. तिच्या मागच्या फळीवर रफूसाठी थांबलेल्या कोटांची चळत उभी होती, आणि आक्कांचं मन मोडून ती खाली येणार नव्हती.

पट्टी निघाली. आक्कांना गर्द निळा आणि काळा यांच्यातला फरक पुन्हा दिसू लागला. कोट घरी येऊ लागले. पण दोन्ही खुर्च्यांवर आता कायद्याचं नाव निघेना. निरीक्षकांनी खाजगी डॉक्टरच्या कंपाउंडरला गाठून बघितलं, तो त्या काट्याच्या दिवसापासून त्यांच्याशी बोलतच नव्हता. ग्रंथपालांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पेशंटबद्दल आम्ही सांगत नसतो, आणि तुम्ही अजून एकमेकांशी बोलताय का? दोघं रविवारी डोकी जवळ आणून कुजबुजत. एकाने एक धागा आणावा, दुसऱ्याने तो ओढून बघावा. एवढं गूळपीठ त्यांच्यात लग्नाच्या दिवशीही नव्हतं.

अखेर एका रविवारी हात धुऊन दोघंही आक्कांसमोर येऊन उभे राहिले. निरीक्षकांनी पुढाकार घेतला.

"हे बघ, आमचं दोघांचं एकमत झालंय."

"कायद्यावर?"

"नाही. तू लपवते आहेस यावर."

"आणि हे बरोबर नाही, आक्का," ग्रंथपाल म्हणाले. "लोक आम्हाला विचारतात. आम्ही काय सांगायचं?"

आक्कांनी मांडीवरचा कोट बाजूला ठेवला. दोघांकडे त्यांनी एकेक करून नीट बघितलं. बऱ्याच दिवसांत त्यांना ते इतके स्पष्ट दिसले नव्हते.

"उजव्या डोळ्यातही आता उतरू लागलंय," त्या म्हणाल्या. "तो कुठे करायचा, ते तुम्ही दोघं बसून ठरवा. घाई नाही, सगळ्या बाजू बघा, एकमेकांचं ऐकून घ्या."

दोघांनी लगेच खुर्च्या ओढल्या. निरीक्षकांनी घसा साफ केला.

"ठरलं की सांगा," कोट उचलत आक्का म्हणाल्या. "तोवर मी करून येते."